छाप पाडणे आणि छाप पडणे

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांमध्ये एक विषय पुन्हा पुन्हा डोकावत होता: श्रोत्यांसमोर बोलायला उभे राहिल्यावर आपली छाप कशी पाडावी? पत्रे लिहिणाऱ्यांत अभियंते आहेत, शिक्षिका आहेत, निवृत्त अधिकारी आहेत आणि नुकतीच नोकरीला लागलेली मंडळीही आहेत. सर्व पत्रे छापणे शक्य नव्हते. म्हणून एकमेकांशी जुळणारे प्रश्न एकत्र करून त्यांतील सात येथे घेतले आहेत. आरंभीच एक गोष्ट कबूल करतो. ‘छाप पाडणे’ या शब्दप्रयोगाविषयी माझ्या मनात थोडी अढी आहे, कारण त्यात सारे कर्तृत्व वक्त्याकडे जाते आणि श्रोता नुसता कोरा कागद उरतो. ‘छाप पडणे’ हे मला अधिक खरे वाटते. ही अढी पुढच्या उत्तरांत जागोजागी दिसेल. वाचकांनी ती सांभाळून घ्यावी.

प्रश्न : मी अभियंता आहे आणि माझ्या विषयात बारा वर्षे काम करतो आहे. सादरीकरणात मी जे सांगतो ते कोणाच्या लक्षात राहत नाही. माझा एक सहकारी मात्र, माझ्यापेक्षा कमी तयारी असूनही, सभा जिंकून जातो. एका प्रशिक्षणवर्गात आम्हाला सांगण्यात आले की, बोलण्याचा ९३ टक्के परिणाम देहबोली आणि आवाज यांमुळे होतो, शब्दांचा वाटा केवळ ७ टक्के असतो. तसे असेल, तर विषयाची तयारी बाजूला ठेवून मी हातवारेच शिकावेत का?

उत्तर : हातवारे शिकू नका. आधी त्या आकड्याचा निकाल लावू, कारण त्याने तुमच्यासारख्या अनेक अभ्यासू माणसांना उगाच खट्टू केले आहे. शब्दांचे ७, आवाजाचे ३८ आणि चेहऱ्याचे ५५ हे टक्के मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ सालच्या दोन लहान प्रयोगांतून आले. त्या प्रयोगांत कोणीही भाषण करीत नव्हते. सहभागी व्यक्तींना एकेक सुटा शब्द वेगवेगळ्या स्वरांत ऐकवला गेला, एका प्रयोगात त्याच्या जोडीला चेहऱ्याची छायाचित्रे दाखवली गेली, आणि बोलणाऱ्याच्या मनात आपुलकी आहे की नावड, एवढेच ओळखायला सांगितले गेले. शब्द एक सांगत असतील आणि स्वर दुसरेच सांगत असेल, तर भावना ओळखताना माणसे स्वरावर आणि चेहऱ्यावर अधिक भरवसा ठेवतात, इतकाच त्याचा अर्थ. भावना आणि मनोवृत्ती यांच्यापलीकडच्या बोलण्याला हे सूत्र लागू होत नाही, असा खुलासा पुढे स्वतः मेहराबियन यांनीच केला आहे. पण आकडा सुटसुटीत होता. तो प्रशिक्षणवर्गांत शिरला, तो अजून बाहेर पडलेला नाही. दूरध्वनीवरून रुग्णाची लक्षणे ऐकून घेणाऱ्या डॉक्टरला रुग्णाचा चेहरा दिसत नसतो, म्हणून त्याला निम्म्याहून कमी कळते, असे कोणी म्हणेल का?

तुमच्या सहकाऱ्याचे यश मात्र खोटे नाही आणि त्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. १९९३ साली नलिनी अंबाडी आणि रॉबर्ट रोझेंथाल यांनी शिक्षकांच्या, वर्गात शिकवतानाच्या काही सेकंदांच्या चित्रफिती आवाज बंद करून अनोळखी व्यक्तींना दाखवल्या. या व्यक्तींनी केवळ पाहून दिलेले गुण आणि पूर्ण सत्र त्याच शिक्षकांकडे शिकलेल्या विद्यार्थ्यांचे अभिप्राय बऱ्याच अंशी जुळले. पहिले मत फार लवकर बनते आणि ते सहसा बदलत नाही, असा याचा अर्थ घेतला जातो आणि तो चुकीचा नाही. परंतु त्याच्या शेजारी २०१३ सालचा शाना कार्पेंटर आणि सहकाऱ्यांचा प्रयोगही ठेवायला हवा. त्यात एकाच व्यक्तीने एकच मजकूर दोन प्रकारे सांगितला होता: एकदा ताठ उभे राहून, समोर पाहत, अस्खलितपणे, आणि एकदा खांदे पाडून, कागदात पाहत, अडखळत. अस्खलित भाषण पाहिलेल्या विद्यार्थ्यांना आपल्या अधिक लक्षात राहील असे वाटले. प्रत्यक्ष चाचणी घेतली तेव्हा दोन्ही गटांना आठवलेल्या मजकुरात लक्षणीय फरक नव्हता. सफाईदार बोलण्याने श्रोत्याला समजल्याचे समाधान मिळते. समजतेच असे नाही. सहकाऱ्याचा हेवा करायचा असेल तर एवढे ध्यानात ठेवून करा.

आता तुमच्या अडचणीकडे वळतो. जाणकार माणूस बहुधा ज्या क्रमाने स्वतः शिकला त्याच क्रमाने सांगतो: आधी पार्श्वभूमी, मग व्याख्या, मग पद्धत, मग अपवाद आणि सगळ्यात शेवटी निष्कर्ष. श्रोत्याला नेमका उलटा क्रम हवा असतो. यंत्र वारंवार बंद का पडते हे सांगायचे असेल, तर ‘या यंत्राचे चार भाग असतात’ या वाक्याने सुरुवात करणारा वक्ता आणि ‘हे यंत्र दर वेळी एकाच कारणाने बंद पडते आणि ते कारण आपल्याला टाळता येते’ या वाक्याने सुरुवात करणारा वक्ता यांच्या ज्ञानात फरक नसेलही. पण दुसऱ्याने श्रोत्याला पुढे ऐकण्याचे कारण दिलेले असते. पुढच्या सादरीकरणापूर्वी एक कसोटी लावून पाहा. तुमचे संपूर्ण म्हणणे एका वाक्यात लिहा, आणि ते वाक्य तुमच्या विषयाशी संबंध नसलेल्या माणसाला वाचून दाखवा. त्याने ‘बरं, मग?’ असे विचारले, तर वाक्य अजून तयार झालेले नाही. ‘ते कसे काय?’ असे विचारले, तर झाले आहे. त्या वाक्याच्या कामी न येणारा प्रत्येक तक्ता, तो कितीही कष्टाने तयार केलेला असला तरी, वगळा. हे वगळणे जाणकाराला फार जड जाते, हे मी जाणतो. आपल्याला किती माहीत आहे हे लोकांना कळावे, ही इच्छा त्याच्या आड येते.

अ‍ॅरिस्टॉटलने वक्त्यावर विश्वास बसण्याची तीन कारणे सांगितली आहेत: त्याचे व्यवहारज्ञान, त्याची सचोटी आणि श्रोत्यांविषयीचा त्याचा सद्भाव. शिवाय हा विश्वास वक्त्याच्या आधीच्या लौकिकावर विसंबून न राहता त्याच्या बोलण्यातूनच निर्माण झाला पाहिजे, असा त्याचा आग्रह होता. तुमच्या बाबतीत पहिल्या दोन गोष्टींची वाण नसावी. तिसरी तपासून पाहा. बोलताना तुम्ही समोरच्या माणसांकडे पाहता, की पडद्याकडे?

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकवते. वर्गात मला काही होत नाही, परंतु परिषदेत बोलायला उभी राहिले की पाचावर धारण बसते. घशाला कोरड पडते, हात थरथरतात आणि हे सगळ्यांना दिसते आहे या जाणिवेने मी आणखी गोंधळते. बोलण्यापूर्वी दोन मिनिटे कमरेवर हात ठेवून, छाती पुढे काढून उभे राहिल्यास आत्मविश्वास वाढतो, असे मी वाचले आहे. त्याचा उपयोग होईल का?

उत्तर : तुमच्या प्रश्नातील ‘हे सगळ्यांना दिसते आहे’ हे शब्द मी अधोरेखित करून ठेवले आहेत, कारण खरी गाठ तिथे आहे. माणूस स्वतःला आतून अनुभवतो आणि बाहेरच्यांनाही तेवढेच दिसत असेल असे धरून चालतो. थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना, घालायला संकोच वाटेल असे चित्र असलेला टी-शर्ट घालून इतरांनी भरलेल्या खोलीत पाठवले. आपला टी-शर्ट जवळपास निम्म्या लोकांनी ओळखला असेल असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात सुमारे एक चतुर्थांश लोकांनीच तो ओळखला. तुमच्या प्रश्नाशी थेट संबंध असलेला प्रयोग २००३ सालचा, केनेथ सॅव्हिट्स्की आणि गिलोविच यांचा आहे. भाषण करणाऱ्यांना आपली अस्वस्थता जितकी उघड वाटत होती तितकी ती श्रोत्यांना जाणवत नव्हती. मला महत्त्वाचे वाटते ते पुढचे: ज्या वक्त्यांना ही गोष्ट भाषणापूर्वी समजावून सांगितली गेली, त्यांची भाषणे इतरांपेक्षा चांगली झाली. म्हणजे हा परिच्छेद वाचून तुमचे थोडे काम झालेच आहे, असे समजायला हरकत नाही.

कमरेवर हात ठेवून उभे राहण्याविषयी. २०१० साली डेना कार्नी, एमी कडी आणि अँडी याप यांनी ४२ व्यक्तींवर केलेल्या प्रयोगातून असा दावा पुढे आला की, अशा ऐटबाज पवित्र्यामुळे शरीरातील संप्रेरकांचे प्रमाणही बदलते. २०१५ साली २०० व्यक्तींवर झालेल्या पडताळणीत संप्रेरकांवरचा तो परिणाम आढळला नाही. सहभागी व्यक्तींना आपण अधिक खंबीर झालो असे वाटले, एवढेच दिसले. २०१६ साली तर मूळ संशोधकांपैकी कार्नी यांनीच, हा परिणाम खरा आहे असे आपण मानत नाही, असे जाहीर केले. तुम्हाला तसे उभे राहून बरे वाटत असेल तर जरूर उभ्या राहा, त्यात अपाय काही नाही. मी मात्र ती दोन मिनिटे सभागृहात आधी पोहोचून, जिथून बोलायचे आहे त्या जागेवर उभे राहून शेवटच्या रांगेकडे पाहण्यात घालवीन. अनोळखी जागा ओळखीची झाली की निम्मा धसका तिथेच ओसरतो.

छाती धडधडणे, तोंड सुकणे, श्वास वरच्यावर होणे ही अ‍ॅड्रिनलिनची कामे आहेत, आणि शरीर संकटाशी सामना करताना जे करते तेच ते सभागृहात करते. ते दडपण्याचा प्रयत्न केल्यास सारे लक्ष त्या दडपण्यातच खर्ची पडते. हार्वर्ड विद्यापीठातील अ‍ॅलिसन वुड ब्रूक्स यांच्या २०१४ सालच्या प्रयोगांत, ‘मी शांत आहे’ असे स्वतःला बजावणाऱ्यांपेक्षा ‘मला उत्साह वाटतो आहे’ असे म्हणणाऱ्यांची भाषणे सरस ठरली. धडधड तीच असते; तिला दिलेले नाव बदलते. नाव बदलणे जमत नसेल, तर निदान श्वास सोडण्याचा वेळ श्वास घेण्याच्या वेळेपेक्षा लांबवा. दीर्घ उच्छ्वासाने हृदयाची गती थोडी मंदावते, हे शरीराच्या रचनेतच आहे.

याखेरीज काही बारीकसारीक गोष्टी. हातात सुटा कागद धरू नका. बोटांची जराशी थरथर त्याच्या टोकाशी दसपट होऊन फडफडते. मजकूर जाड पुठ्ठ्याच्या कार्डांवर लिहा किंवा कागद समोर टेकवून ठेवा. दोन्ही पावलांवर सारखे वजन ठेवून उभ्या राहा. पहिली तीन वाक्ये अशी पक्की करा की झोपेतून उठवले तरी ती म्हणता यावीत, कारण बहुतेकांची भीती पहिल्या एक-दोन मिनिटांतच शिगेला पोहोचते आणि तेवढे अंतर पार केले की उतरू लागते. आणि घाबरल्याबद्दल श्रोत्यांची माफी मागू नका. ज्यांना काहीच दिसलेले नसते, तेही मग तुमचे हात पाहू लागतात.

वर्गात तुम्हाला काही होत नाही, हा या पत्रातील सर्वांत आशादायक तपशील आहे. वर्गात तुमचे लक्ष विद्यार्थ्याला समजले की नाही याकडे असते. परिषदेत ते आपण कशा दिसतो याकडे वळते. जाता जाता एवढेच सांगतो की, रोमचा थोर वक्ता सिसेरो याने ज्याला आपल्या ग्रंथात आदर्श वक्ता म्हणून उभे केले आहे तो क्रॅसससुद्धा, बोलायला आरंभ करताना आपला रंग उडतो आणि सर्वांग थरथरते, अशी कबुली देतो. त्या ग्रंथाला दोन हजारांहून अधिक वर्षे झाली.

प्रश्न : माझा आवाज बारीक आहे. ध्वनिमुद्रण ऐकले की मला माझीच लाज वाटते. आवाज भारदस्त करण्यासाठी काय करावे?

उत्तर : ध्वनिमुद्रणातील आवाज जवळपास प्रत्येकाला परका आणि पातळ वाटतो. आपण बोलतो तेव्हा आपल्याला आपला आवाज हवेतून ऐकू येतो, तसाच कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो आणि हाडांतून खालचे स्वर अधिक चांगले वाहतात. ध्वनिमुद्रणात हा हाडांतून येणारा भाग नसतो. जगाला तुमचा तोच आवाज माहीत आहे आणि जगाची त्याविषयी तक्रार नाही. स्वतःला पाच-सहा वेळा ऐका. लाज मोडते, आणि मग खरे दोष ऐकू येऊ लागतात.

त्यांतला एक दोष मराठीत बोलणाऱ्यांना विशेष भोवतो. आपल्या भाषेत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, नकारही शेवटीच येतो; आणि दम संपत आल्यामुळे बहुतेक वक्ते वाक्याचा शेवटच गिळतात. ‘हा प्रस्ताव समितीने मंजूर केलेला नाही’ या वाक्यातला ‘नाही’ घशात राहिला, तर मागच्या रांगेतला श्रोता अगदी विरुद्ध अर्थ घेऊन घरी जातो. आवाज भारदस्त करण्याच्या मागे लागून घसा दाबून बोलणारे लोक तर हा शेवट हमखास हरवतात. त्यापेक्षा वाक्ये आखूड करा. लेखनातली ‘असल्यामुळे’, ‘करीत असताना’, ‘झाल्यानंतर’ अशी साखळी डोळ्यांना पेलते, कानांना आणि फुफ्फुसांना पेलत नाही. शेवटच्या शब्दापर्यंत पुरेल इतका श्वास राखून बोला आणि वाक्य पूर्ण झाल्यावर थांबा. हे थांबणे वक्त्याला फार लांब वाटते, कारण संभाषणात एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू होण्यातील अंतर साधारणपणे सेकंदाच्या पाचव्या हिश्शाएवढेच असते. त्या सवयीमुळे व्यासपीठावरचे दोन सेकंद त्याला युगासारखे भासतात. श्रोत्याला मात्र तेवढ्यात मागचे वाक्य पचवता येते.

सभागृहात गोंगाट असेल, तर तो शमेपर्यंत बोलू नका. गोंगाटात माणसाचा आवाज त्याच्या नकळत चढतो. फ्रेंच वैद्य एतियेन लोंबार यांनी १९११ साली याचे वर्णन केले, आणि आजही त्याला त्यांचेच नाव आहे. आवाज चढला की तो अधिक बारीक होतो, म्हणजे तुम्हाला जे नको आहे तेच घडते. तोंडात खडे धरून बोलण्याचा सराव करणाऱ्या डेमॉस्थेनिस या प्राचीन ग्रीक वक्त्याची गोष्ट तुमच्याही वाचनात आली असेल. प्राचीन चरित्रकार प्लुटार्कने ती सांगितली आहे. अनुकरण मात्र करू नये.

ध्वनिक्षेपकाविषयी (माइकविषयी) याच पत्रात पुढे विचारले आहे. तो तोंडाच्या अगदी समोर न धरता हनुवटीच्या बाजूला किंचित तिरपा, चार-पाच बोटांच्या अंतरावर धरावा, म्हणजे ‘प’, ‘फ’ आणि ‘भ’ यांचा फुत्कार त्यावर आदळत नाही. त्याची जाळी मुठीत पकडू नये आणि तो घेऊन ध्वनिवर्धकाच्या पुढ्यात जाऊ नये. किंचाळणारी शिटी तिथूनच येते. तो चालू आहे का हे पाहण्यासाठी त्यावर टिचक्या मारण्याची गरज नसते. पहिले वाक्य बोला, चालू असल्यास कळेल.

प्रश्न : भाषण पाठ करावे, वाचून दाखवावे, की ऐनवेळी सुचेल तसे बोलावे? पाठ केले की मी मध्येच विसरतो. वाचले की लोक जांभया देतात.

उत्तर : १९०४ साली तरुण विन्स्टन चर्चिल ब्रिटिश संसदेत पाठ केलेले भाषण करीत असताना मध्येच पुढचे शब्द विसरले, बराच वेळ चाचपडत राहिले आणि अखेर खाली बसले. त्यानंतर त्यांनी स्मरणावर विसंबणे सोडले आणि सविस्तर टिपणे हाती ठेवूनच बोलण्याची सवय लावून घेतली. पाठ केलेल्या भाषणाची अडचण अशी की, त्यात प्रत्येक वाक्य मागच्या वाक्याला टांगलेले असते. एक खुंटी निसटली की पुढचे सगळे जमिनीवर.

मी सुचवीन ती पद्धत मिश्र आहे. आरंभ आणि शेवट शब्दशः पक्के करावेत. मधला भाग पाच-सहा शब्दांच्या टिपणावर ठेवावा आणि त्याचा सराव उभे राहून, मोठ्याने, दर वेळी मुद्दाम निराळ्या शब्दांत करावा. तिसऱ्या सरावापर्यंत मुद्दे डोक्यात बसतात आणि शब्द सुटे राहतात. मग एक शब्द आठवला नाही तर दुसरा येतो. मनातल्या मनात केलेला सराव मी सराव मानत नाही, कारण मनात कोणीच अडखळत नाही. आकडे, कायद्याची कलमे, दुसऱ्याचे अवतरण हे मात्र खुशाल कागद उचलून वाचावे. तेथे वाचणे हीच काळजीची खूण आहे आणि श्रोत्यांनाही ते तसेच वाटते.

ऐनवेळी सुचेल तसे बोलणारे म्हणून जे प्रसिद्ध असतात, त्यांच्याविषयी फार भाबडे राहू नका.

प्रश्न : मला पंधरा मिनिटे दिलेली असतात. आधीचे वक्ते लांबतात आणि माझी पाळी येते तेव्हा ‘पाच मिनिटांत आटपा’ अशी चिठ्ठी येते. मग मी भराभर बोलतो आणि सगळाच विचका होतो.

उत्तर : या प्रश्नाने मला माझीच एक जुनी चूक आठवली, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. एका कार्यक्रमात अशीच चिठ्ठी आल्यावर मी वीस मिनिटांचे भाषण आठ मिनिटांत म्हणून दाखवले होते. एकही मुद्दा गाळला नाही, याचा मला त्या वेळी अभिमानही वाटला. बाहेर पडताना एका श्रोत्याने अतिशय नम्रपणे विचारले की, आज तुम्हाला कुठे जायची घाई होती का? तेव्हापासून मी प्रत्येक भाषण तीन आकारांत तयार ठेवतो: ठरलेल्या वेळेचे, निम्म्या वेळेचे आणि दोन मिनिटांचे. लहान आकारात वेग तोच राहतो, मुद्दे कमी होतात. तीन उदाहरणांऐवजी एकच, पण ते पूर्ण. दोन मिनिटांचा आकार तयार करणे सर्वांत अवघड असते आणि तो तयार झाल्यावर मोठ्या भाषणातही सुधारणा करावीशी वाटू लागते, असा माझा अनुभव आहे.

१९ नोव्हेंबर १८६३ रोजी अमेरिकेतील गेटिसबर्ग येथे युद्धात पडलेल्या सैनिकांच्या दफनभूमीच्या समारंभाचे प्रमुख वक्ते एडवर्ड एव्हरेट होते आणि ते सुमारे दोन तास बोलले. त्यांच्यानंतर अब्राहम लिंकन सुमारे दोन मिनिटे बोलले, आणि लोकांच्या स्मरणात राहिले ते हेच भाषण. लिंकन यांनी ते भाषण आगगाडीत एका पाकिटाच्या पाठीवर खरडले, ही दंतकथा आहे. त्यांनी ते आधीपासून तयार केले होते आणि त्याच्या एकापेक्षा अधिक हस्तलिखित प्रती आजही उपलब्ध आहेत. जे सहज वाटते त्याच्यामागे बैठक असते, याचे उदाहरण म्हणून मी हे देतो. दोन मिनिटांचे प्रत्येक भाषण तसे होते असे मला सुचवायचे नाही.

आपल्याला वेळ कमी मिळाला, अशी तक्रार व्यासपीठावरून मात्र कधीही करू नका. ती करण्यात उरलेल्या वेळेतला अर्धा मिनिट जातो, आणि श्रोते त्या तक्रारीला जबाबदार नसतात. आणि दुसऱ्या बाजूने पाहिले तर, लांबणारे ते ‘आधीचे वक्ते’ आपणच असू शकतो. म्हणून सरावाच्या वेळी घड्याळ लावून जो वेळ येईल, तो दिलेल्या वेळेपेक्षा थोडा कमीच असावा.

प्रश्न : पेहराव कसा असावा? आणि सुरुवात विनोदाने करावी का?

उत्तर : पेहराव प्रसंगाला शोभणारा, आधी निदान एकदा वापरलेला आणि ज्यात हात वर करता येतो असा असावा. नवे पादत्राण त्या दिवशी टाळावे. याहून अधिक या विषयात काही नाही.

विनोदाविषयी इतकेच सांगेन की, जो विनोद काढून टाकला तरी भाषणाला धक्का लागत नाही तो काढून टाकावा. दुसरीकडे ऐकलेला किस्सा आरंभी सांगणारा वक्ता दोन धोके पत्करतो: श्रोत्यांनी तो ऐकलेला असतो, आणि हसू आले नाही तर ती शांतता पुढच्या पाच मिनिटांवर पसरते. विषयातूनच निघालेली, स्वतःच्या फजितीची एखादी खरी हकिकत अधिक सुरक्षित असते, कारण हसू आले नाही तरी तिने सांगायचे ते सांगून झालेले असते. श्रोत्यांपैकी कोणाला लक्ष्य करून मिळवलेला हशा महाग पडतो.

प्रश्न : मागच्या महिन्यात माझे भाषण उत्तम झाले, पण प्रश्नोत्तरांत एका गृहस्थांनी एक आकडा विचारला. मला तो ठाऊक नव्हता, तरी ऐनवेळी मी अंदाजाने एक आकडा ठोकून दिला. नंतर पाहिले तर तो साफ चुकीचा होता. त्या दिवसापासून मला भाषणापेक्षा प्रश्नोत्तरांचीच धास्ती वाटते.

उत्तर : तुमची धास्ती योग्य जागी आहे. भाषणात वक्ता तयारीनिशी बोलत असतो आणि श्रोत्यांना ते माहीत असते. प्रश्नाला उत्तर देताना तो कसा आहे हे दिसते, आणि श्रोते ते जाणून थोडे सावरून बसतात. म्हणूनच येथे पडलेली छाप अधिक काळ टिकते.

प्रश्न पूर्ण ऐका. पहिल्या चार शब्दांवरून उत्तर सुचले, तरी प्रश्नकर्त्याला शेवटपर्यंत बोलू द्या. मोठ्या सभागृहात प्रश्न मागच्यांना ऐकू गेलेला नसतो, म्हणून तो एका वाक्यात सर्वांसाठी पुन्हा सांगा. त्यात तुम्हाला विचार करायला काही क्षणही मिळतात. पुन्हा सांगताना त्याची धार बोथट करण्याचा मोह होतो, तो टाळा, कारण ज्याने विचारले त्याला ते लगेच कळते. उत्तराचे पहिले वाक्य प्रश्नकर्त्याकडे पाहून बोला आणि मग नजर इतरांकडे वळवा. नाहीतर सभेचे रूपांतर दोघांच्या खासगी गप्पांत होते. कोणी प्रश्नाच्या नावाखाली स्वतःचे भाषण सुरू केले, तर एका श्वासाच्या फटीत त्यांचा एक मुद्दा उचलून त्यावर बोलावे, आणि पुढच्या प्रश्नाकडे वळावे. त्यांना हरवण्याच्या फंदात पडू नये. सभा अशा वेळी जिंकणाऱ्याचीही बाजू घेत नाही.

उत्तर ठाऊक नसेल तेव्हा ‘मला माहीत नाही’ एवढे बोलून थांबणे पुरेसे नसते. त्यापुढे, मला यातले अमुक एवढे माहीत आहे, उरलेले मी पाहून अमुक दिवसापर्यंत कळवीन, असे म्हणावे आणि सर्वांदेखत त्या व्यक्तीचे नाव व संपर्क टिपून घ्यावा. टिपून घेण्याची ती कृती श्रोत्यांना दिसू द्यावी. शेवटचा प्रश्न कोणता येईल हे आपल्या हाती नसते आणि तो बहुधा क्षुल्लक किंवा विषयाला सोडून असतो. म्हणून समारोपाची दोन वाक्ये भाषणाच्या अखेरीस खर्च न करता प्रश्नोत्तरांनंतरसाठी राखून ठेवावीत, आणि तीच सभेची अखेर करावीत.

राहिला तो चुकीचा आकडा. त्या गृहस्थांना बरोबर आकडा कळवायला अजून उशीर झालेला नाही. त्यांचा पत्ता आयोजकांकडून मिळू शकेल. न मिळाल्यास दुरुस्तीची चार ओळींची चिठ्ठी आयोजकांनाच द्यावी आणि ती उपस्थितांपर्यंत पोहोचवण्याची विनंती करावी.